विक्रियावेग, रासायनिक

रासायनिक विक्रियेत खर्ची पडणाऱ्या किंवा तयार होणाऱ्या पदार्थाच्या संहतीत (एकक घनफळातील प्रमाणात) एकक काळात होणारा बदल म्हणजे विक्रियावेग होय. त्याचे पहिले परिमाणात्मक मापन लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये केले. अम्लाच्या सान्निध्यात उसाच्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होताना विद्रावाची ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळविण्याची क्षमता घटत जाऊन अखेर ते डावीकडे वळू लागते, हा बदल नोंदवून [→ ध्रुवणमिती] त्यांनी वेग शिल्लक साखरेच्या प्रमाणात असतो, असे दाखविले. स्वांटे आऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये याच विक्रियेच्या आधारे तापमानाच्या तीव्र परिणामाचे स्पष्टीकरण दिले. सक्रियण ऊर्जा, म्हणजे विक्रियेस लागणारी किमान ऊर्जा, लाभलेल्या रेणूंची संख्या तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. उत्प्रेरक पर्यायी मार्ग देऊन हीच ऊर्जा कमी करतो [→ उत्प्रेरण]. घन पदार्थांत पृष्ठफळ, तर वायूंत दाबही महत्त्वाचा ठरतो. मापनासाठी निघणाऱ्या वायूचे घनफळ, रंगीत पदार्थाचे प्रकाशशोषण किंवा विद्रावाची विद्युत् संवाहकता ठरावीक काळाने नोंदवितात. काही मिलिसेकंदांत पूर्ण होणाऱ्या विक्रियांकरिता मात्र विद्राव वेगाने मिसळून त्यांचा प्रवाह एकाएकी थांबविण्याची पद्धत वापरावी लागते. औषधांची वापरमुदत उच्च तापमानांतील विघटनवेगांवरून अंदाजता येते.