फियाटच्या दांडीची मूठ



या मालेच्या व्यासपीठावरून आपण राजांचा इतिहास ऐकला, ग्रंथांचा ऐकला. आम्ही शाळा आठवीत सोडलेली. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून. तेव्हा आमच्या इतिहासाचा विषय लहान आहे. मोटारीच्या गिअरच्या दांडीवर जी मूठ असते, तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एक तरुण गृहस्थ कचेरीत आले. त्यांच्या आजोबांची १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट त्यांनी पुन्हा चालती केली होती. एंजिन झाले, रंग झाला. अडले ते आतल्या बारीकसारीक कळांवर. स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांडीची मूठ तडकलेली, चोकची खुंटी बेपत्ता. मुंबईच्या चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे ते तीन फेऱ्या घालून आले होते. त्यांनी रुमालातून दोन मुठी काढल्या. एक इटलीहून मागविलेली, गुळगुळीत, महागडी. दुसरी भंगारातली, तिच्या कडेवर एक बारीक कंगोरा होता. विकणाराच म्हणाला होता, "ही लोकल आहे, साहेब." त्यांचा प्रश्न एवढाच, की इटलीची मूठ आपल्या दांडीवर बसवून देईल असा जुना कारागीर आमच्या माहितीत आहे काय?

येथे थोडे मागे जावे लागेल. वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लरच्या. फियाटशी संबंध जुळला तो १९५०नंतर. प्रारंभी सुटे भाग परदेशातून यावयाचे व येथे फक्त जोडणी व्हावयाची. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने स्पष्टच सांगितले, की ज्यांच्याजवळ भाग येथेच बनविण्याची योजना नाही त्यांनी या धंद्यात राहू नये. शिवडीला १९२८पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. कुर्ला टिकले. ज्या ११००ला आपल्याकडे लोक 'डुक्कर फियाट' म्हणत ती याच काळातली. १९६४ मध्ये डिलाइट आली, आणि तिचेच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी असे बारसे झाले. या वर्षांत एकेक भाग देशी होत गेला. पत्रा, काच, तार, खुंटी, मूठ. आणि त्यासाठी कुर्ला-साकीनाका पट्ट्यात लहान लहान कारखाने उभे राहिले. आमचे बहुतेक सभासद त्यांतलेच.

तेव्हा आम्ही त्या गृहस्थांना आमच्या एका जुन्या सभासदाकडे नेले. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी अशाच एका कारखान्यात ते मोल्डिंगच्या प्रेसवर होते. त्यांनी भंगारातली मूठ अंगठ्याने खसाखसा घासली आणि नाकाशी नेली.

"घे, वास घे," ते आम्हांला म्हणाले.

दवाखान्यात कार्बोलिकचा येतो तसा वास. बॅकेलाइटची खूण ती. हे द्रव्य बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये शोधून काढले. लाकडाचा भुसा मिसळलेली त्याची भुकटी पोलादी साच्यात घालून दीडशे अंशांच्या वर तापवीत दाबली, की एकदाच घट्ट होते. पुन्हा वितळत नाही. म्हणून तडकलेली मूठ ओतून नवी करता येत नाही. सांधावीच लागते.

मग काकांनी तो कंगोरा नखाने दाखविला. "अरे, हा आमचा साचा. कडेला टवका उडाला होता. नवा साचा करायला मालक तयार नव्हता, म्हणून फिटरने कानशीने घासून चालू ठेवला. त्यानंतरच्या प्रत्येक मुठीला हा कंगोरा आहे."

पाहुणे गप्प झाले. १९६७च्या कुर्ल्याच्या गाडीवर खरी मूठ कोणती, तर ज्या मुठीला त्यांनी नकली म्हणून बाजूला टाकले होते ती! वाद त्यांनी तरीही घातला. नमुना तर इटलीचाच ना? नमुना इटलीचा, हे आम्ही मान्य केले. १९५५ची गाडी असती तर आम्ही परदेशी मुठीच्या बाजूने मत दिले असते. परंतु गाडीचे साल विसरून मूळ भाग शोधणे म्हणजे गाव न विचारता घर शोधण्यासारखे आहे.

दुरुस्तीत आमचीच एक चूक झाली, तीही सांगतो. मुठीतले आटे झिजले होते. फियाटचे आटे मिलिमीटरचे. आम्ही घाईने अडीच सुताचा टॅप फिरवून पाहिला. अडीच सूत म्हणजे आठ मिलिमीटरला केसभर कमी. दोन फेरे सुखाने जातो आणि अडकतो, कारण आट्यांमधले अंतर निराळे. काकांनी आमच्या हातातून टॅप काढून घेतला व जे बोलले ते येथे सांगण्याजोगे नाही. मग भोक मोठे करून त्यात पितळेचा तुकडा बसविला, त्याला योग्य आटे पाडले, तडेत काळी पूड मिसळलेले इपॉक्सी भरले. दोन दिवस वाळवून पाण्याच्या पॉलिशपेपरने घासले. बफ लावू दिला नाही. चाकाच्या उष्णतेने बॅकेलाइटचे तेज जाते. कंगोराही घासू दिला नाही.

तो कारखाना बंद पडला तेव्हा साचे वजनावर भंगारात गेले. कामगारांची देणी वर्षानुवर्षे रेंगाळली. काकांच्या अर्जाची नक्कल आमच्या कपाटात अजून आहे. त्या भंगारात नेमका हा साचाही गेला असला पाहिजे. कुर्ल्याच्या मोठ्या कारखान्याच्या जमिनीवर आज इमारती उभ्या आहेत, आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावर नाही.

मूठ बसल्यावर पाहुण्यांनी पैसे विचारले. काकांनी एक फेरी मागितली. त्यांना चालकाशेजारी बसविले, आम्ही मागे. पहिला गिअर लोण्यासारखा पडला. दुसऱ्याला दांडी अडकली. काका म्हणाले, "मूठ माझी आहे, खालचा बुश माझा नाही. बॉनेट उघडा."