घेर मोजायची टेप

तर झालं असं, की मागच्या महिन्यात मूलहून मामाचा फोन आला. (मूल हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावाचं नाव आहे. पुण्यात हे दर वेळी समजावून सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून टाकतो.)

"बाबू, तुह्याकडे घेर मोजाची चांगली टेप भेटते का पाय बरं. बांधावरचे साग विकाचे हायेत. ठेकेदार येऊन पाहून गेला. तो मोजाच्या आधी मले मोजून ठेवाचे हायेत."

बांधावर नऊ साग. आजोबांनी लावलेले. मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय आणि मामीला कर्ज नको आहे, त्यामुळे साग. मी म्हटलं, मामा, टेप काय, दोन दिवसांत घरपोच येईल. सॉफ्टवेअरवाल्याने असं बोलू नये. मी बोललो.

शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो. खरेदीच्या एका साइटवर 'घेर मोजायची टेप' असं लिहिलं. पहिल्या ओळीत काय आलं असेल? अनारकली ड्रेस. मोठ्या घेराचे. बायकोने दिवाळीत माझ्याच खात्यावरून काही मागवलं होतं, ते त्या साइटने मनात धरून ठेवलेलं. मग इंग्रजीत 'गर्थ' शब्द घालून पाहिला. आता आले पोट आवळायचे पट्टे, त्याखाली वजनकाटा, त्याखाली ग्रीन टी. माझं वय त्यांना ठाऊक आहे, बसून काम करतो हेही ठाऊक असावं. झाडाचा घेर विचारला तर माझाच घेर काढला की हो! त्यानंतर पुढचे आठ दिवस मी जिथे जाईन तिथे ते पट्टे माझ्या मागे.

मामाला फोन लावला, म्हटलं तुमच्या फोनवर हेच शब्द लिहून बघा.

"लिवले. फवारणीचा पंप दाखवते."

"टेप नाही?"

"हाये नं खाली एक. शिंप्याची."

मी तेच शब्द लिहिले, त्याच वेळी, त्याच साइटवर. माझ्याकडे पंप नाही आणि त्याच्याकडे ग्रीन टी नाही. मी सांगतोय "तिसऱ्या ओळीत बघा", मामा म्हणतोय "तिसऱ्या ओळीत तर ताडपत्री हाये". दहा मिनिटं हे चाललं. आमच्या धंद्यात याला पर्सनलायझेशन म्हणतात आणि त्याचं कौतुक असतं. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये खातं नसलेल्यांसाठीही शोधाचे निकाल माणसागणिक बदलायला सुरुवात केली, आणि २०११ साली एली पॅरिझरने त्यावर 'द फिल्टर बबल' हे पुस्तक लिहिलं. पुस्तक मी तेव्हाच वाचलं होतं, पण त्यातला मुद्दा डोक्यात शिरला तो मामाच्या ताडपत्रीने.

आता शिंप्याची टेप का चालत नाही, ते सांगतो. इथून पुढे थोडं गणित आहे, पण आठवीतलंच.

आपल्याकडे लाकडाच्या बाजारात गोल लाकडाचं घनफळ पाव-घेराने काढायची जुनी पद्धत आहे. ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यायचा, त्याला चारने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. समजा घेर ४ फूट आणि लांबी १० फूट. पाव घेर १ फूट, त्याचा वर्ग १, गुणिले १०. झाले १० घनफूट. आता हेच वर्तुळाच्या सूत्राने करून बघा: १२.७३ घनफूट येतात. म्हणजे पावणेतीन घनफूट लाकूड हिशेबातून गायब! कुठलाही ओंडका घ्या, पाव-घेराने खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मोजले जातात. काट्यात खोट नाही, टेपेत खोट नाही. जे आहे ते सूत्रातच आहे.

माझं रक्त उसळलं. मामाला फोन करून म्हटलं, हे तर लुटतात तुम्हाला! मामा शांत. म्हणाला, "तुह्या आज्याच्या टायमापासून तसंच हाये. गोल लाकडाची पाटी निगते का? साल जाते, भुसा जाते."

खरं आहे त्याचं. ही रीत इंग्लंडहून आली. एडवर्ड हॉपस नावाच्या मोजणीदाराने १७३६ साली लाकूडमापाची तयार कोष्टकं छापली, आणि पाव-घेराच्या घनफुटाला आजही 'हॉपस फूट' म्हणतात. गोल ओंडका चौकोनी करताना वाया जाणारं लाकूड त्यात आधीच धरलेलं आहे. पण तेही पुरतं नाही. ओंडक्यातून सगळ्यात मोठा चौकोनी वासा काढला तर वर्तुळाचा जवळपास ६४ टक्के भागच हाती येतो. म्हणजे पाव-घेर हा विकणारा आणि घेणारा यांच्या मधला कुठेतरी ठरलेला आकडा. आणि हा आकडा काढायला टेपही लागत नाही. ओंडक्याला दोरी गुंडाळा, दोरीचे चार पदर करा, एक पदर मोजा. ज्याला भागाकार येत नाही त्यालाही जमतं. दोरीने पाय काढता येत नाही (३.१४ वाला), चार पदर मात्र कुणीही करू शकतं. मला हे कळल्यावर राग निम्मा झाला. उरलेला निम्मा अजून आहे. कारण वाया जाणारं लाकूड धरलं हे ठीक, पण भुसा आणि फळकुटं शेवटी कुणाच्या आवारात पडतात?

सागाचं मोजमाप म्हटलं की मला डीट्रिख ब्रँडिस आठवतो. हा मूळचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ, पुढे १८६४ साली हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. त्याआधी १८५६ मध्ये ब्रह्मदेशात पेगूच्या जंगलात तो हत्तीवर बसून साग मोजत हिंडला. पावसात, बांबूच्या जाळ्यांत वही चालेना. मग त्याने डाव्या हातात लाकडाचे तुकडे धरले, झाडाच्या आकारमानाच्या प्रत्येक वर्गासाठी वेगळा, आणि उजव्या हातात चाकू. साग दिसला की त्या वर्गाच्या तुकड्यावर एक खाच. एवढ्या हत्यारावर एका अख्ख्या प्रांताच्या सागाचा अंदाज त्याने बांधला. कुठली झाडं तोडायची आणि कुठली राखायची, ते त्या खाचांवरून ठरायचं.

आपल्याकडच्या सागाबद्दल वेगळं काय सांगू. आलापल्लीच्या जंगलात 'वनवैभव' नावाचा सहा हेक्टरांचा जुना तुकडा राखून ठेवलाय, २०१४ साली तो जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. तिथे झाडाखाली उभं राहून वर बघितलं की टोपी पडते. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येला साग रवाना झाला तेव्हा वर्तमानपत्रांत आकडे घनफुटांत होते. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. सागाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मध्येच एक आडवळण. आलापल्ली, अहेरी, सिरोंचा या भागाच्या जुन्या मोजणीबद्दल काही मिळतं का म्हणून जुन्या पुस्तकांच्या एका संग्रहात 'सिरोंचा' आणि 'सर्व्हे' असं शोधलं. त्याने आपण होऊन शब्द दुरुस्त केला आणि मला 'सिरोंज'ला नेऊन सोडलं. मध्य प्रदेशातलं सिरोंज! तिथे जॉर्ज एव्हरेस्टने १८२४ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजायला घेतली होती. चुकीच्या गावी उतरलो, पण गाडी आमच्याच रुळावरून गेलेली निघाली. कारण एव्हरेस्टच्या आधीचा प्रमुख विल्यम लॅम्ब्टन हैदराबादहून नागपूरला निघालेला असताना २० जानेवारी १८२३ ला वारला, तो हिंगणघाटला. वर्ध्याहून चंद्रपूरला जाताना ज्या हिंगणघाटच्या फलाटावर मी इतक्या वेळा चहा प्यालोय, त्याच गावात त्याची कबर आहे. मला ते चाळिशी उलटल्यावर कळलं.

या लॅम्ब्टनची पोलादी साखळी शंभर फुटांची. अडीच फुटांचे चाळीस दांडे. १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची पायारेषा मोजायला त्याला ५७ दिवस लागले. साखळी लाकडी पेट्यांत पसरायची, वर तंबूची सावली, शेजारी थर्मामीटर, कारण उन्हाने पोलाद वाढतं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याच्याकडे दुसरीही साखळी होती. ती मोजायला काढायचीच नाही. पहिली वापरून झिजली, ताणली गेली की काय, एवढं ताडून बघायलाच ती जपून ठेवलेली.

शिंप्याच्या टेपेचं उत्तर इथे आहे. कापडी टेप वापरून वापरून ताणते, आणि ताणलेली टेप घेर कमी दाखवते. पाच टक्के कमी दाखवला तर घनफळात, वर्ग होत असल्यामुळे, जवळपास दहा टक्के कमी. पाव-घेराची तूट वेगळीच. मामा दुसरी टेप मागत होता ती यासाठी. ठेकेदाराची एक, आपली एक. (आणि माझ्या शोधाला दुसरी साखळी होती ती मामाचा फोन. नाहीतर जगात सगळ्यांना ग्रीन टीच दिसतो असं मी समजून चाललो असतो.)

मोजणारा कोण आणि परवान्यावर आकडा लिहिणारा कोण, यावर आमच्याकडे मोठ्या लढाया झाल्यात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये १८०० हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा. तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखातंच देणार, असं दोन वर्षं चाललं. २७ एप्रिल २०११ ला जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. एवढंसं पुस्तक, पण किती बांबू निघाला हे त्यानंतर गावानेच लिहायचं होतं.

असो. टेपेकडे येऊ. शेवटी मी रजा काढून गेलो आणि चंद्रपूरच्या गोल बाजारात हार्डवेअरच्या दुकानात शिरलो. (गोलाई मोजायची टेप गोल बाजारात. हसा.) म्हटलं, घेर मोजायची टेप पाहिजे.

"कायचा घेर? टाकीचा का झाडाचा?"

"झाडाचा."

"उभं का पाडलेलं?"

दोन प्रश्नांत काम झालं. फायबरची, न ताणणारी, एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. पाव-घेराची तयार टेप मागितली तर म्हणाला, ते आता कोणी मागत नाही, चारने भागा ना. घरी येऊन ती मामाच्या पोलादी टेपेशी ताडून बघितली. दहा फुटांत फरक नाही.

उभ्या झाडाचा घेर छातीइतक्या उंचीवर घेतात, साडेचार फुटांवर. मामी वही घेऊन, मामा काठी टेकत, मी टेप धरून. नऊ झाडं, अर्धा दिवस. दोन दिवसांनी ठेकेदार आला, त्याच्या टेपेने मोजलं. सात झाडांचे आकडे आमच्याशी जुळले. दोन झाडांत दोन-दोन इंच कमी. मामा काही बोलला नाही, नुसती वही पुढे केली. ठेकेदाराने पुन्हा टेप लावली, म्हणाला, "हो, गाठीवरून सरकली होती." सरकली असेलही. पाव-घेराचा विषय मी काढायला गेलो तर मामाने डोळ्यांनीच गप्प केलं. तो भाव त्यांनी दराच्या बोलीत आधीच वसूल केला होता, हे मला संध्याकाळी कळलं.

सहा झाडं द्यायची ठरली. तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास, हे सगळं पुढचं अजून चालू आहे. गुडघ्याची तारीख दिवाळीनंतरची. तीन साग मामाने ठेवले. त्यातला विहिरीजवळचा सगळ्यात जाड, घेर चार फूट दोन इंच. दर पोळ्याला मोजणार म्हणाला, टेप आहेच आता.