लढाईचा भत्ता आणि त्याचा दाखला : चांदा-गडचिरोली परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सैनिकाचे नियमित वेतन आणि प्रत्यक्ष लढाईच्या निमित्ताने त्यास मिळणारी विशेष रक्कम यांत राज्यसंस्थेने फार पूर्वीपासून फरक केला आहे. नियमित वेतन नेमणुकीने मिळते. विशेष रक्कम मिळण्यासाठी मात्र काहीतरी सिद्ध व्हावे लागते. अमुक माणूस लढाईत होता, जखमी झाला, किंवा धोक्याच्या मुलुखात राहिला, असे कोणीतरी अधिकाराने लिहून द्यावे लागते. लष्करी इतिहासात लढायांचे वर्णन विपुल आढळते. या दाखल्याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वस्तुतः शासन आणि सैनिक यांच्यातील विश्वासाची परीक्षा याच ठिकाणी होत आलेली आहे.

प्रस्तुत लेखात या दाखल्याच्या तीन पद्धतींचा विचार केला आहे. पहिल्या पद्धतीत सैनिकाचे शरीर, म्हणजे त्याची जखम, हा पुरावा असतो. दुसऱ्या पद्धतीत हजेरी आणि तिसऱ्या पद्धतीत प्रदेश. बल्लारपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या परिसराने गोंड राजवट, भोसल्यांचा अंमल, कंपनी सरकार आणि अलीकडचा नक्षलवादविरोधी संघर्ष अशा सर्व अवस्था अनुभवल्या असल्याने या विषयाचा विचार येथून करणे सयुक्तिक ठरते.

जखम हाच दाखला

कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या बखरीत शिवकालीन लष्करी व्यवस्थेची माहिती येते. अफजलखान प्रसंगानंतर (१६५९) जखमी झालेल्यांना जखमेचे स्वरूप पाहून होनांच्या रूपाने कमी-अधिक रक्कम दिल्याचा आणि लढाईत पडलेल्यांच्या कुटुंबांची सोय केल्याचा उल्लेख तीत आहे. येथे दाखला देणारा आणि रक्कम देणारा यांच्यात फारसे अंतर नाही. जखम पाहिली जाते आणि तिचे मोल ठरते. पेशवेकाळात कामी आलेल्या शिपायाच्या मुलांसाठी देण्यात येणारी बालपरवरशीही याच विचारातून आलेली आहे.

या पद्धतीची मर्यादा उघड आहे. जी झीज डोळ्यांना दिसत नाही तिला येथे मोल नाही. मोहिमेत दहा महिने राहून वार न लागलेला स्वार या हिशेबात बसत नाही. त्याच्यासाठी दुसरी पद्धत आवश्यक ठरली.

हजेरी आणि गणती

मराठ्यांच्या घोडदळात सरकारी घोडा वापरणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार असा भेद होता. शिलेदारास मोहिमेच्या तयारीसाठी नालबंदी आगाऊ मिळे. पुढचा हिशेब मात्र गणतीवर अवलंबून राही. गणतीत स्वाराचे नाव, घोड्याचा रंग व खुणा नोंदविण्यावर भर असे, कारण खोट्या हजेरीचा संशय सरकारला नेहमीच असे. सरदार स्वतः गणती देणार आणि सरकारचा कारकून ती तपासणार, या रचनेत कारकुनाच्या शेऱ्याला तलवारीइतकेच वजन प्राप्त झाले.

१७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. वर्धेच्या काठावरील बल्लारपूरचा किल्ला ही गोंड राजांची जुनी राजधानी. पुढे ती चांद्यास हलविण्यात आली होती. मे १८१८ मध्ये कर्नल अॅडम्सच्या फौजेने चांद्याचा किल्ला घेतला. या युद्धातील लुटीच्या वाटणीवरून इंग्रजांमध्येच जो वाद उद्भवला तो हजेरीच्या प्रश्नाचेच मोठे रूप होते. दख्खनच्या फौजेबरोबर गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या मोठ्या फौजेलाही वाटा मिळावा काय? प्रत्यक्ष जिंकणारा कोण आणि केवळ दबाव ठेवणारा कोण? हा वाद अनेक वर्षे चालला आणि विश्वस्त म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टनलाही त्यात लक्ष घालावे लागले. लढाई काही महिन्यांत संपली, पण लढाईत कोण होते हे ठरविण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागला.

प्रदेश हाच दाखला

कंपनीच्या लष्करात भत्ता हा शब्द छावणीबाहेर, मोहिमेवर असताना मिळणाऱ्या जादा रकमेसाठी रूढ झाला. प्लासीनंतर मीर जाफरने गोऱ्या अधिकाऱ्यांना दुप्पट भत्ता सुरू केला. रॉबर्ट क्लाइव्हने १ जानेवारी १७६६ पासून तो बंद करून ठाण्यानुसार वेगवेगळे दर ठेवले. तेव्हा अधिकाऱ्यांनी संगनमताने राजीनामे देण्याचा कट केला आणि क्लाइव्हने तो मोडून काढला. भत्त्याचा निकष माणसाकडून ठिकाणाकडे सरकल्याचे हे ठळक उदाहरण होय.

या निकषाचे परिणाम हिंदी शिपायाच्या वाट्याला अधिक कठोरपणे आले. सिंधू नदीपलीकडे सेवा केल्यास जादा भत्ता मिळत असे. १८४३ मध्ये सिंध कंपनीच्या राज्यात सामील झाला. आता तो परका मुलूख उरला नाही, म्हणून जादा भत्त्याचेही कारण उरले नाही, असे सरकारने ठरविले. शिपायाच्या दृष्टीने उष्मा, रोगराई आणि घरापासूनचे अंतर यांत काहीच बदल झालेला नव्हता. १८४४ मध्ये बंगालच्या ३४ व्या पायदळ पलटणीने पूर्वीच्या भत्त्याशिवाय सिंधकडे कूच करण्यास नकार दिला आणि ती पलटण बरखास्त करण्यात आली. जिंकल्याबद्दल शिपायाचे वेतन कमी झाले, हा यातील विरोधाभास होता.

चांद्याच्या परिसरात १८५८ मध्ये याहून निराळा प्रकार घडला. मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांच्या साथीने कंपनी सरकारविरुद्ध उठाव केला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूरावांना चांद्यास फाशी देण्यात आले. त्यांना पकडून देण्याच्या कामी साहाय्य करणाऱ्या अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांना सरकारने उठावकर्त्यांच्या मुलुखातील गावे बहाल केली. या बक्षिसाचे माप जखम नव्हते, मोहिमेतील दिवसही नव्हते. सरकारला झालेला राजकीय उपयोग हेच त्याचे माप होते. दाखल्याचा नियम नसला की मोबदला कृपेच्या रूपाने येतो, हे यावरून दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळातील व्यवस्था

आजच्या भारतीय सेनेत वरील तिन्ही पद्धती एकत्र नांदतात. ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या आदेशाने मृत्यू व अपंगत्वाच्या प्रकरणांचे पाच वर्ग केले. शत्रूच्या कारवाईतील प्रकरणे त्यांतील शेवटच्या वर्गात येतात आणि युद्धजन्य अपंगत्वाचे निवृत्तिवेतन त्यावर ठरते. ही जखम पाहण्याचीच पद्धत; फक्त पाहणारे आता वैद्यकीय मंडळ आहे. जवानाच्या नेमणुकीची व हालचालीची नोंद त्याचे युनिट पार्ट टू ऑर्डरद्वारे प्रसिद्ध करते आणि त्यावरून वेतन लेखा कार्यालय भत्ता जमा करते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असे कार्यालय बेळगावात आहे. ही झाली गणती. शेवटी सियाचीन, अतिउंच क्षेत्र, फील्ड क्षेत्र ही वर्गवारी प्रदेशावर आधारलेली आहे. सातव्या वेतन आयोगाने धोका आणि खडतरपणा यांचा तक्ता करून हे भत्ते त्यात बसविले. २०१७ मध्ये सियाचीन भत्ता दरमहा ३०,००० ते ४२,५०० रुपये, तर नक्षलवादविरोधी कोब्रा दलाचा भत्ता १७,३०० ते २५,००० रुपये ठरला. अमेरिकेतही २००२ च्या कायद्याने निवृत्त सैनिकांसाठी लढाईशी निगडित विशेष भरपाई सुरू झाली. अपंगत्व लढाईशी संबंधित असल्याचा निर्णय तेथे ज्याचे त्याचे सेनादल देते.

गडचिरोलीचा अनुभव

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तत्पूर्वीच, १९८० च्या सुमारास, नक्षलवादी दले सिरोंचा भागात आली होती. १९९० मध्ये स्थानिक तरुणांचा समावेश असलेले सी-६० पथक स्थापन झाले. २००९ या एकाच वर्षात मरकेगाव, हत्तीटोला आणि लाहेरी येथील चकमकींत मिळून सुमारे पन्नास पोलिसांना प्राण गमवावे लागले. १ मे २०१९ रोजी जांभूळखेडा येथील भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि एक वाहनचालक मृत्युमुखी पडले.

महाराष्ट्र शासनाच्या ६ ऑगस्ट २००२ च्या निर्णयाने आदिवासी व नक्षलग्रस्त क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना, त्या क्षेत्रात कार्यरत असेपर्यंत, एकस्तर वरची वेतनश्रेणी आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के (किमान २००, कमाल १,५०० रुपये) प्रोत्साहन भत्ता देण्याचे ठरले. हा निकष प्रदेशाचा आहे. जंगलात गस्तीवर जाणारा शिपाई आणि तालुक्याच्या कचेरीतील लिपिक एकाच अधिसूचित क्षेत्रात येतात. या निकषाचा लाभही नाकारता येत नाही. प्रत्येक गस्तीचा वेगळा पुरावा मागितला असता तर दुर्गम पोलीस मदत केंद्रातील माणूस कागदपत्रांतच गुरफटला असता.

खरा प्रश्न प्रदेशाची व्याख्या बदलते तेव्हा निर्माण होतो. केंद्र शासनाच्या सुरक्षाविषयक खर्चाच्या योजनेतील नक्षलप्रभावित जिल्ह्यांची यादी २०१८ मध्ये १२६ वरून ९० वर, २०२१ मध्ये ७० वर आणि २०२४ मध्ये ३८ वर आली. २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातील चंद्रपूर, गडचिरोली आणि गोंदिया हे तीन जिल्हे होते. २०२१ च्या यादीत चंद्रपूर नव्हते. बल्लारपूरहून कोठारी, गोंडपिपरी मार्गे जाणाऱ्याने आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की तो यादीतील जिल्ह्यात शिरतो, अशी स्थिती झाली. ही यादी केंद्राच्या खर्चभरपाईची असून राज्याचे भत्ते स्वतंत्र निर्णयांनी चालतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तथापि दोहोंमागील विचार एकच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ नक्षलवादी नेत्याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केले. क्षेत्र शांत होणे ही समाधानाची बाब होय. परंतु ज्यांनी ते शांत केले त्यांचा भत्ता त्याच कारणाने धोक्यात येऊ शकतो. १८४४ च्या शिपायापुढील पेच तो हाच.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, लढाईच्या विशेष वेतनाविषयीचे तंटे केवळ रकमेच्या कमी-अधिकपणातून उद्भवत नाहीत. दाखल्याचा आधार माणसाकडून नकाशाकडे सरकतो आणि नंतर नकाशाच बदलतो, तेव्हा ते तीव्र होतात. प्रदेशाचा निकष सोयीचा आहे, पण तो वर्तमानापुरताच बोलतो. मागील सेवेची आठवण त्यात राहत नाही. ती आठवण जखमेत आणि हजेरीत राहते. म्हणून क्षेत्राची अधिसूचना मागे घेताना तेथे पूर्वी झालेल्या सेवेचे मोल सेवापुस्तकातील नोंदींच्या आधारे वेगळे जपणे न्याय्य ठरेल.

पोलीस मदत केंद्रांचे हजेरीपट आणि गस्तीच्या नोंदवह्या या दृष्टीने उद्याची ऐतिहासिक साधने आहेत. पेशवे दफ्तरातील गणतीचे कागद जपले गेले म्हणूनच अठराव्या शतकातील स्वाराचे नाव व त्याच्या घोड्याचा रंग आपणांस ठाऊक आहे. एकविसाव्या शतकात वैनगंगेपलीकडच्या जंगलात गस्त घातलेल्या शिपायाविषयीही पुढील पिढ्यांना तितके तरी सांगता यावे, यासाठी या नोंदींच्या जतनाकडे परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी लक्ष देणे अगत्याचे आहे.