फत्तेखेर्ड्याचे नाव का टिकले नाही

जहाजाचे नाव बदलू नये, बदलले तर समुद्र ते गिळतो, असा युरोपातल्या दर्यावर्द्यांचा जुना समज आहे. समुद्रदेवाच्या चोपडीत प्रत्येक जहाजाची नोंद असते. अनोळखी नावाचे जहाज दिसले की तो त्याला घुसखोर समजतो, अशी त्यामागची कल्पना. नाव बदलणे भागच असेल, तर आधी जुने नाव पुसायचे. फळीवर कोरलेले खरवडायचे, रोजनिशीची जुनी वही जहाजावरून उतरवायची, बादलीवर आणि जीवरक्षक कड्यावर रंगवलेलेसुद्धा शिल्लक ठेवायचे नाही. मग दर्याला दारूचा घोट अर्पण करायचा आणि त्यानंतरच नवे नाव उच्चारायचे. बुलढाणा जिल्ह्यातून समुद्र दिसत नाही, त्यामुळे इथे हा विषय काढणे अवांतर वाटेल. पण नाव बदलण्याचा एक मोठा प्रयोग याच जिल्ह्यात झाला आणि तो फसला. खलाशांच्या त्या समजुतीत शहाणपण किती आणि भाबडेपणा किती, हे तपासायला सिंदखेड राजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याइतके चांगले उदाहरण कोकणातही मिळणार नाही.

ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या शिवारात दोन मोगल सरदार एकमेकांसमोर उभे राहिले. एका बाजूला निजाम-उल-मुल्क. तो दिल्लीची वजिरी सोडून दक्षिणेत परतलेला, दरबाराच्या दृष्टीने जवळजवळ बंडखोर. दुसऱ्या बाजूला हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान. निजामाला दख्खनमधून उखडून काढावे, म्हणून दरबाराने त्यालाच पुढे केले होते. पेशवा होऊन चार वर्षे झालेला बाजीराव या लढाईत निजामाच्या बाजूने होता. मुबारिझ खान मारला गेला. पुढच्याच वर्षी बादशहा मुहम्मदशहाला निजामाची दख्खनची सुभेदारी मान्य करावी लागली आणि ‘आसफजाह’ हा किताबही द्यावा लागला. हैदराबादचे सव्वादोनशे वर्षांचे आसफजाही राज्य बहुतेक इतिहासकार याच दिवसापासून मोजतात. एवढ्या मोठ्या विजयाची खूण म्हणून निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा केले. विजयाच्या जागेला फत्तेचे नाव देणे ही मोगली रीतच होती, त्यात त्याने नवे काही केले नाही. नवल आहे ते पुढे. वऱ्हाडावरचा निजामाचा हक्क नागपूरकर भोसल्यांच्या वाट्यासह दीर्घकाळ राहिला, १८५३ साली कारभार इंग्रजांकडे गेल्यावरही कागदोपत्री मालकी त्याचीच होती. म्हणजे नाव रुजवायला सत्ता होती आणि वेळही भरपूर होता. तरीही फत्तेखेर्डा हे नाव इंग्रजी गॅझेटियरांत साखरखेर्ड्याला जोडलेले पर्यायी नाव म्हणून उरले. आणि लढाईसुद्धा इतिहासाच्या पुस्तकांत साखरखेर्ड्याचीच लढाई म्हणून नोंदली गेली.

याचे सोपे उत्तर आजकाल ओठांवर तयार असते: परक्या सत्तेने लादलेले नाव लोकांनी झिडकारले. हे उत्तर पुराव्यापुढे टिकत नाही. त्या लढाईत मराठ्यांचा पेशवा निजामाच्याच बाजूला होता. पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले ते १७२८ मध्ये, साखरखेर्ड्यानंतर साडेतीन वर्षांनी. शिवाय झिडकारण्याचा नियम लावायचा तर तो सगळ्यांना सारखा लागायला हवा. तोरणा घ्या. शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा विस्तार पाहून त्याचे नाव प्रचंडगड ठेवले. पुढे १७०४ साली औरंगजेबाने तो जिंकून त्याला फुतूहुल्गैब म्हटले. एक नाव मराठी, दुसरे अरबी. एक देणारा लोकांच्या हृदयातला, दुसरा त्यांच्यावर चालून आलेला. आज दोन्ही नावे पुस्तकांत आहेत आणि किल्ल्याला सगळे तोरणाच म्हणतात. प्रचंडगड नाव कोणी झिडकारले असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. तेव्हा नाव न टिकण्याचे कारण देणाऱ्याचा धर्म, भाषा किंवा लोकप्रियता यांत शोधून हाती काही लागत नाही. साताऱ्याचे आझमतारा आणि सिंहगडाचे बक्षिंदाबक्ष हीही नावे औरंगजेबाबरोबर गेली. पण ती गेली म्हणून प्रचंडगडचा उलगडा होत नाही.

माझे म्हणणे असे, की नवे नाव हुकमाने टिकत नाही आणि विधीनेही टिकत नाही. ज्याला नाव दिले ते स्वतः बदलले असेल तर नाव टिकते. हे तपासायला साखरखेर्ड्याहून फार लांब जायला नको. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली. त्याच्या मुलाने, फतेह खानाने, १६२६ मध्ये तिचे फतेहनगर केले. शहर तेच, रस्ते तेच, बापाने बांधलेली पाण्याची नहर तीच. मुलाने बदलली ती फक्त पाटी. सत्तावीस वर्षांनी औरंगजेबाने त्याच गावाचे औरंगाबाद केले आणि तिथे दख्खनचा कारभार आणून बसवला. छावणी आली, कचेऱ्या आल्या, तट उभा राहिला, नवे पुरे वसले. फतेहनगर आज इतिहासाच्या विद्यार्थ्यालाच माहीत असते. औरंगाबाद मात्र साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ चालले, इतके की २०२३ मध्ये ते बदलायला सरकारला अधिसूचना काढावी लागली. देवगिरीचे दौलताबादही असेच टिकले, कारण मुहम्मद तुघलकाने नावाबरोबर राजधानीच तिकडे हलवली होती. मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड झाला तो बांधून काढल्यावर. रायरीचा रायगड झाला तो हिरोजी इंदुलकरांच्या बांधकामानंतर आणि सिंहासन तिथे आल्यानंतर. निजामाने साखरखेर्ड्यात काय केले? लढाई जिंकली आणि तो हैदराबादकडे निघून गेला. गावात ना पेठ वसवली, ना कचेरी आणली. पाटलाची पाटिलकी, कुलकर्ण्याचे दप्तर, बाजार, वेस, सारे आदल्या दिवशी होते तसेच राहिले. गावकऱ्यांच्या वाट्याला त्या विजयातून तुडवलेली पिके सोडून दुसरे काय आले असेल?

बुलढाणा हे जिल्ह्याचे नावही याच कसोटीला उतरते. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आल्यावर १८६० च्या दशकात हा भाग आधी नैर्ऋत्य वऱ्हाड आणि मग मेहकर या नावाने जिल्हा झाला. मेहकर हे जुने, मोठे, अकबराच्या काळापासून सरकारचे ठाणे असलेले गाव. बुलढाणा त्या मानाने घाटमाथ्यावरची लहानशी वस्ती. पण साहेबाला तिथली थंड हवा मानवली, मुख्य ठाणे तिथे गेले, आणि ठाण्यामागून जिल्ह्याचे नाव गेले. या बदलावर ना कोणी विधी केला, ना कोणी विजयाचे नगारे वाजवले. तरी आज मेहकर जिल्हा म्हटले तर जिल्ह्यातल्या माणसालाही ते नवीन वाटेल. कोर्टकचेरीसाठी माणूस जिथे जातो, त्या जागेचे नाव त्याच्या तोंडी आपोआप बसते.

आता खलाशांकडे परत येऊ. नाव बदललेले जहाज बुडते हे खोटे आहे, आणि ते खोटे ठरवायला मुंबईच्या गोदीतले एक जहाज पुरेसे आहे. जमशेदजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरले. इंग्रज नौदलाने १८९७ मध्ये ते विकले. घेणाऱ्याचे ‘फूद्रोयां’ नावाचे आधीचे जहाज त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले होते, म्हणून त्याने या जहाजालाही तेच नाव दिले. म्हणजे अपशकुनात अपशकुन: बदललेले नाव, तेही बुडालेल्या जहाजाचे! जहाज बुडाले नाही. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे, आणि १९९२ मध्ये त्याला जुने ट्रिंकोमाली हे नाव परत मिळाले. आपली ‘विक्रांत’ १९४५ मध्ये ‘हर्क्युलिस’ म्हणून पाण्यात उतरली होती; १९६१ मध्ये नव्या नावाने भारतीय नौदलात आली आणि १९७१ च्या युद्धात तिने कामगिरी गाजवली. ‘विराट’ही आधी ब्रिटिशांची ‘हर्मिस’च होती. या दोन्ही नौकांवर नवा झेंडा आला, नवे खलाशी आले, मालक देश बदलला. नाव त्या बदलाबरोबर आले आणि बसले. ट्रिंकोमालीचा मात्र मालक बदलला तरी देश बदलला नव्हता; नव्या नावामागे होती ती फक्त मालकाची आठवण. म्हणूनच की काय, इतक्या वर्षांनीही जुने नाव हाक मारायला हजर होते.

तरी त्या समजुतीला निव्वळ भाबडी म्हणून उडवून लावू नये. जहाजाचे नाव कोण बदलतो, हे एकदा पाहावे. लुटारू बदलतो. ‘ब्लॅकबिअर्ड’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या चाच्याने १७१७ मध्ये ‘ला कॉन्कॉर्द’ हे फ्रेंच गुलामवाहू जहाज पकडून त्याचे ‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’ केले. कर्ज बुडवणारा बदलतो. कुजलेल्या फळ्यांवर नवा रंग देऊन विकणारा बदलतो. अशा जहाजावर पाऊल ठेवणाऱ्या गरीब खलाशाला नाव बदललेले दिसले की पोटात गोळा येणे साहजिक होते. त्या भीतीला त्याने समुद्रदेवाचे रूप दिले. पण भीती होती ती माणसाच्या लबाडीची, वस्तू तीच ठेवून ओळख बदलण्याची. कायद्याने हीच भीती जशीच्या तशी उचलली. ब्रिटिश जहाजांना १८५५ पासून कायमचा अधिकृत क्रमांक मिळू लागला आणि १८९४ च्या कायद्यात परवानगीशिवाय नाव बदलायला बंदी होती. आपल्या १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्यातही ही बंदी आली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा क्रमांक १९८७ मध्ये ठरला आणि १९९६ पासून सक्तीचा झाला. तो जहाजाला जन्मभर चिकटून राहतो. निर्बंध चुकवून तेल वाहणारी टँकर जहाजे आज वारंवार नाव आणि झेंडा बदलतात, पण बऱ्याचदा पकडली जातात ती या क्रमांकामुळे. खलाशी म्हणे जुने नाव पूर्ण पुसा. कायदा म्हणतो, पुसताच येणार नाही अशी सोय करा. या दोघांत मला कायदा अधिक जाणता वाटतो. राजपत्रात माणसाच्या नावबदलाची सूचना छापतात तीही जुने नाव शेजारी ठेवूनच.

लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत इथे आक्षेप म्हणून पुढे येईल. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवे नाव लिहितो आणि ते नाव पुढे चालते. म्हणजे विधीने नाव टिकतेच की? टिकते, पण ते विधीमुळे नव्हे. त्या मुलीचे घर बदलले, आडनाव बदलले, चूल बदलली, तिला हाक मारणारी माणसे बदलली. सासूचे नाव तेच असेल, तर वडीलधाऱ्यांचे नाव घ्यायचे नाही म्हणून बदल अटळच असे. तांदळातले अक्षर ही या उलथापालथीची पावती आहे. आणि जिथे काही बदलले नाही, त्या माहेरच्या अंगणात जुनेच नाव चालते, आजी झाली तरी चालते. आता अनेक मुली निवडीने आपले आधीचेच नाव कायम ठेवतात, नोकरी आणि बँकेचे खाते त्याच नावाने असते, आणि तांदळातले नाव पूजेपुरते उरते. विधी तोच आहे, परिणाम मात्र उरला नाही.

खरा अडचणीचा आक्षेप सिंहगडाचा आहे. कोंढाणा बांधून काढला नव्हता, राजधानी झाला नव्हता, तरी सिंहगड हे नाव पक्के बसले. १६७० मध्ये हा गड जिंकताना आलेल्या तानाजीच्या मरणामुळे नाव पडले ही गोष्ट लोकप्रिय असली, तरी नाव त्याआधीचे आहे. १६६३ च्या पत्रात ते सापडते. पण ते घराघरांत रुजले १६७० नंतरच, पोवाड्यांच्या आणि गोष्टींच्या खांद्यावर बसून. तेव्हा मला माझा नियम थोडा सैल करायला हवा: दगडविटा बदलल्या नाहीत, तरी लोकांना आपली वाटेल अशी घटना तिथे घडली असेल, तर जागा त्यांच्या लेखी बदललेलीच असते. साखरखेर्ड्यात घटना तर मोठी घडली. दख्खनचा पुढचा इतिहास तिने ठरवला. पण दिल्लीच्या दरबाराविरुद्ध दिल्लीच्याच सरदाराने मिळवलेल्या विजयात वऱ्हाडातल्या कुणब्याला आपले म्हणावे असे काय होते? त्यावर पोवाडा रचायला शाहीर गावला नाही. गावाला त्यानंतर जी ओळख मिळाली ती पलसिद्ध मठाची आणि प्रल्हाद महाराज रामदासींची, आणि तिथे येणाऱ्या भक्तांच्या तोंडी नाव साखरखेर्डाच होते.

जिल्ह्यातच फत्तेखेर्ड्याच्या उलट उदाहरण आहे. सिंदखेडला ‘राजा’ जोडले गेले ते लखुजी जाधवरावांच्या घराण्यामुळे आणि जिजाऊंच्या जन्मामुळे. देऊळगावलाही ‘राजा’ जोडले गेले. इथे जुने नाव काढले नाही, त्यात भर घातली, आणि ती भर तालुक्याच्या पाटीपर्यंत टिकली. खलाशांच्या नियमाला हे पूर्ण उलट जाते.

गेल्या काही वर्षांत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर या नावांच्या अधिसूचना निघाल्या. त्यांपैकी धाराशिव हे निजामी राजवटीत उस्मानाबाद झाल्यावरही बोलण्यात जिवंत राहिलेले नाव. त्याला रुजवावे लागले नाही, कागदावर घ्यावे लागले एवढेच. उरलेल्या दोहोंचे काय होईल ते पाट्या, मोर्चे किंवा न्यायालयातल्या याचिका ठरवणार नाहीत. दुष्काळी मराठवाड्यातल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे कालच्या औरंगाबादेत, रोज पाणी येऊ लागले, तर नव्या नावाला त्याचा जेवढा आधार मिळेल तेवढा कोणत्याही राजपत्राचा मिळणार नाही. साखरखेर्ड्याच्या लढाईला २०२४ मध्ये तीनशे वर्षे झाली. गावच्या पोलीस ठाण्यावर नाव साखरखेर्डा असेच आहे.