न दिसणं आणि नसणं : बॉम्बे रक्तगटाची गोष्ट

आनुवंशिकतेवर बोलायचं म्हटलं की मेंडेलचे वाटाणे निघतात. आम्ही आज परळचं उदाहरण घेणार आहोत. आम्ही मूळचे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे शेवटी थोडं तिकडेही वळू.

इथे माण-हिंजवडीत जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र असतं आणि पुष्कळदा त्यावर रक्तगटही छापलेला असतो. तो ठरतो कसा? रक्ताच्या एका थेंबात ए-विरोधी द्रव घालायचा, दुसऱ्यात बी-विरोधी. दोन्हीकडे गुठळ्या झाल्या नाहीत, की लिहायचं ‘ओ’. म्हणजे ओ हा गट काही दिसल्यामुळे नव्हे, तर न दिसल्यामुळे ठरतो. आजची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे बघा.

कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 मध्ये व्हिएन्नात रक्तगट दाखवून दिले. 1924 मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन यांनी मांडलं की ए, बी, ओ ही एकाच जनुकाची तीन रूपं. एक रूप आईकडून, एक वडिलांकडून. हिशेब सरळ होता. आई ओ असेल तर मूल एबी होऊच शकत नाही. पितृत्वाचे वादही या हिशेबावर लढवले गेले.

मग आलं 1952 साल. मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तीन माणसं अशी आढळली, की नेहमीच्या चाचणीत ती ओ वाटावीत; पण त्यांच्या रक्तरसाने ओ गटाच्या पेशींच्यासुद्धा गुठळ्या होत होत्या. लंडनच्या रेस आणि सँगर यांच्यासह केलेलं हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं ‘बॉम्बे’च राहिलं.

आता याचं कारण. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात. एक जनुक तिथे आधी ‘एच’ नावाची खुंटी ठोकतं. ए किंवा बी जनुक आपली खास साखर त्या खुंटीवर टांगतं; ओ गटात खुंटी रिकामी राहते. बॉम्बे गटात खुंटीच नाही! ए-बीचं जनुक शाबूत असलं तरी टांगणार कुठे? शिवाय एच त्या शरीराला परका, म्हणून ओ रक्तही चालत नाही. बॉम्बे गटाच्याच माणसाचं रक्त लागतं.

हे घडायला खुंटीच्या जनुकाची बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडूनही यावी लागते. त्या दोघांना स्वतःला काहीच जाणवत नाही, कारण एक चांगली प्रत पुरते. नात्यात लग्नं होतात तिथे अशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न हे काही नवल नव्हे. भारतात साधारण 10,000 माणसांत एक बॉम्बे गटाचा सापडतो.

1955 मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई चाचणीत ओ वाटावी अशी, पण तिच्याकडून अपत्याला बी जनुक मिळालेलं. विचार करा, अशा किती बायकांना केवळ पुस्तकातल्या तक्त्यावर भरवसा ठेवून लोकांनी संशयाने पाहिलं असतं! तक्ता खोटा नव्हता, अपुरा होता.

आता तत्त्वज्ञान. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, हे ज्ञान आपल्याला होतं कसं? याची चर्चा आपल्याकडे शतकानुशतकं झाली. तिच्यातली अट फार मोलाची आहे : घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. काळोखात घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. खुंटी नसलेली पेशी हा असाच काळोख. तिथे बी दिसत नाही, म्हणून बी जनुक नाही असं म्हणता येत नाही.

हा नुसता शब्दच्छल नाही हं. अपघातातल्या माणसाला कार्डावरचा ‘ओ’ वाचून रक्त चढवलं आणि तो बॉम्बे गटाचा निघाला, तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तरसाशी ताडून पाहतात. पुढच्या वेळी नातेवाईक म्हणून बाहेर ताटकळत असाल आणि रक्तपेढीवाले म्हणाले, “जरा थांबा, जुळवून बघतोय”, तर चिडू नका. घडा खरंच नाही ना, याची ते खात्री करून घेत असतात.