सुमेर : पहिली नगरे, पहिली लिपी, पहिले साम्राज्य

एका तासाची साठ मिनिटे आणि एका मिनिटाचे साठ सेकंद ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिचा उगम कोठे झाला असावा, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. साठ हा पाया धरून मोजण्याची ही रीत सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी आजच्या दक्षिण इराकमध्ये नांदणाऱ्या सुमेरियन लोकांची. त्यांच्याकडून ती बाबिलोनच्या ज्योतिर्विदांकडे, तेथून ग्रीकांकडे आणि कालांतराने साऱ्या जगाकडे आली. मोठी नगरे, लेखनकला, लिखित कायदा आणि अनेक राज्ये जिंकून उभारलेले साम्राज्य यांचे सर्वांत प्राचीन पुरावे ज्या भूमीत आढळतात, तीही हीच.

नद्यांची भूमी

टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांमधील प्रदेशाला ग्रीकांनी मेसोपोटेमिया हे नाव दिले. त्याचा दक्षिणेकडील सखल भाग म्हणजे सुमेर. येथे पाऊस इतका अपुरा, की केवळ त्याच्या भरवशावर पीक काढणे अशक्य. इमारतीचा दगड नाही, धातू नाहीत, चांगले लाकूडही नाही. होते ते गाळाची माती, बोरू-लव्हाळे आणि पाणी. हे पाणीही लहरी. उत्तरेकडील पर्वतांवरचे बर्फ वितळून पूर येतो तो वसंत ऋतूत, म्हणजे पीक कापणीला आले असताना. आणि पेरणीच्या वेळी, शरद ऋतूत, नद्या रोडावलेल्या असतात. त्यामुळे बांध घालणे, पाट खणणे आणि त्यांतील गाळ दरवर्षी उपसणे क्रमप्राप्त होते. हे काम एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातले नव्हते. माणसांनी एकत्र येऊन राबण्याची आणि त्या श्रमांचा हिशेब ठेवण्याची गरज येथे निसर्गानेच निर्माण केली होती.

एरिडू येथील उत्खननात एकाच जागी, एकावर एक बांधलेल्या मंदिरांचे थर सापडले आहेत. त्यांतील सर्वांत जुने मंदिर जेमतेम एका लहान खोलीएवढे आहे. शतके उलटतात तसतशी त्याची व्याप्ती वाढत जाते. मंदिराभोवती गाव आणि गावातून नगर अशी ही वाटचाल होती. इ. स. पूर्व चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस उरुक हे नगर सुमारे २५० हेक्टरांवर पसरले होते आणि त्यात हजारो लोक राहत होते. त्या काळी एवढी मोठी दुसरी वस्ती ज्ञात नाही.

हिशेबातून जन्मलेली लिपी

उरुकच्या अवशेषांत साच्यातून काढलेले, ओबडधोबड, तिरप्या काठांचे मातीचे वाडगे प्रचंड संख्येने मिळतात. मजुरांना शिधा देण्यासाठी त्यांचा उपयोग होत असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आरंभीच्या लिपीत ‘खाणे’ या क्रियेचे चिन्ह माणसाचे डोके आणि त्यापुढे असाच एक वाडगा, असे आहे. जगातील पहिले लेखन याच नगरात, इ. स. पूर्व ३३०० ते ३२०० च्या सुमारास, मातीच्या ओल्या वड्यांवर झाले. अशा सुमारे पाच हजार वड्या व त्यांचे तुकडे तेथे मिळाले असून त्यांतील बहुतेकांवर धान्य, मेंढ्या, बीअर आणि मजूर यांच्या नोंदी आहेत. उरलेल्यांत प्रामुख्याने शिकाऊ लेखनिकांसाठी तयार केलेल्या शब्दांच्या याद्या. स्तोत्रे, नीतिवचने आणि कथा लिहिल्या जाण्यास आणखी काही शतके जावी लागली. लेखनाचा जन्म काव्यासाठी झाला नाही. तो कोठारातील आवकजावक सांभाळण्यासाठी झाला.

पुढे बोरूच्या टोकाने खिळ्यासारख्या खुणा उमटवण्याची पद्धत रूढ झाली आणि क्यूनिफॉर्म ही कीलाकार लिपी सिद्ध झाली. सुमेरियन भाषेचे अन्य कोणत्याही ज्ञात भाषेशी नाते जुळत नाही. तरीही तिच्यासाठी घडलेली ही लिपी अक्केडियन, एलामाइट, हिटाइट अशा अनेक भाषांनी उचलली आणि ती सुमारे तीन हजार वर्षे वापरात राहिली.

नगरराज्यांचे कलह

इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकात उर, उरुक, लगाश, उम्मा, किश अशी अनेक नगरराज्ये नांदत होती. प्रत्येकाचा अधिदेव वेगळा. सर्वांना वंद्य असे निप्पूर हे एन्लिल देवाचे क्षेत्र. राजाला ‘लुगल’ म्हणत. त्याचा शब्दशः अर्थ ‘थोर पुरुष’. लगाश आणि उम्मा यांच्यात सीमेवरील सुपीक जमीन आणि पाटाचे पाणी यांवरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला तंटा हा तपशीलवार नोंद उपलब्ध असलेला सर्वांत जुना सीमावाद होय. किशचा राजा मेसिलिम याने मध्यस्थी करून सीमेचा दगड रोवला. पण तंटा शमला नाही. इ. स. पूर्व २४५० च्या सुमारास लगाशचा राजा एआनातुम याने उम्मावर मिळवलेल्या विजयाचा शिलापट पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर ढाली भिडवून चालणारे सैन्य आहे, शत्रूंना जाळ्यात पकडणारा देव आहे आणि मृतांची मस्तके चोचीत धरून उडणारी गिधाडेही आहेत.

याच लगाशमध्ये इ. स. पूर्व २३५० च्या आसपास उरुकागिना या राजाने अधिकाऱ्यांच्या जुलमाला आळा घालणारी फर्माने काढली. प्रेतसंस्कारासाठी उकळले जाणारे अवाजवी शुल्क त्याने कमी केले आणि दुबळ्यांच्या मालमत्तेला संरक्षण दिले. त्याच्या लेखांत ‘अमार्गी’ हा शब्द येतो. ‘आईकडे परतणे’ असा त्याचा मूळ अर्थ, पण तो कर्ज आणि वेठ यांतून सुटका या अर्थाने वापरला जाई. मात्र ही राजवट अल्पजीवी ठरली. उम्माच्या लुगलझागेसी याने लगाश उद्ध्वस्त केले आणि एकेक करून सुमेरची नगरे ताब्यात घेतली.

सार्गोन आणि साम्राज्याची कल्पना

इ. स. पूर्व २३३४ च्या सुमारास अक्कडचा सार्गोन सत्तेवर आला. तो अक्केडियन ही सेमिटिक भाषा बोलणाऱ्या समाजातील. मातेने टोपलीत घालून नदीत सोडलेले मूल पुढे राजा झाले, अशी त्याची दंतकथा नंतरच्या काळातील लेखांत आहे. मराठी वाचकाला येथे कर्णाची आठवण व्हावी. सार्गोनने लुगलझागेसीचा पराभव करून त्याला मानेत खोडा अडकवून निप्पूरच्या वेशीशी आणले, नगरांचे तट पाडले आणि तेथे आपले अधिकारी नेमले. आपल्यासमोर रोज ५४०० माणसे जेवतात, अशी बढाई त्याच्या लेखात आहे. जिंकलेल्या नगराकडून खंडणी घेऊन परतण्याऐवजी त्यावर कायमचा अंमल बसवणे हे नवे राजकारण होते. त्याची कन्या एन्हेदुआना उर येथे चंद्रदेवाची मुख्य पुजारीण होती. तिच्या नावावर असलेल्या स्तोत्रांमुळे ती नावाने ज्ञात असलेली जगातील पहिली साहित्यिक मानली जाते.

सार्गोनचा नातू नराम-सिन याने स्वतःला ‘चारही दिशांचा राजा’ म्हणवले आणि हयातीतच देवत्व धारण केले. त्यानंतर काही दशकांतच हे साम्राज्य कोसळले. अंतर्गत बंडे, डोंगरी गुटियनांचे हल्ले आणि दीर्घ अवर्षण ही कारणे सांगितली जातात. ओमानच्या आखाताच्या तळातील गाळात त्या सुमारास वाऱ्याने आलेल्या धुळीचे प्रमाण एकाएकी वाढलेले दिसते. अवर्षणाचा वाटा किती, यावर मात्र विद्वानांत मतभेद आहेत.

मेलुहाची गलबते

अक्कडच्या धक्क्याला दिलमुन, मगन आणि मेलुहा येथील गलबते लागत, असे सार्गोनने नोंदवले आहे. यातील मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, हे आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. उर आणि किश येथे सिंधू बनावटीच्या मुद्रा मिळाल्या आहेत. उरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सिंधू खोऱ्यातून आलेले कार्नेलियनचे लांबट मणी आहेत. गुजरातेतील लोथलला इराणी आखाताच्या शैलीची मुद्रा सापडली आहे. लूव्रमधील एका अक्केडियन मुद्रेवर तर ‘शु-इलिशु, मेलुहाचा दुभाषी’ असे लिहिलेले आहे. सिंधू लिपीचा उलगडा अद्याप झालेला नाही. पण ती भाषा जाणणाऱ्या एका माणसाचे नाव आपल्यापर्यंत पोहोचले आहे, ते मेसोपोटेमियातून.

अखेरचे वैभव

इ. स. पूर्व २११२ च्या सुमारास उर-नाम्मूने उरच्या तिसऱ्या राजवंशाची स्थापना केली. उरचा भव्य पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा, झिगुरात, त्याने उभारला. त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेली संहिता ही उपलब्ध कायद्यांत सर्वांत जुनी. शारीरिक इजेबद्दल चांदीच्या रूपात दंड सांगणारी ही संहिता, ‘डोळ्यास डोळा’ सांगणाऱ्या हम्मुराबीच्या संहितेहून सुमारे तीन शतके आधीची आहे. या राज्याच्या कारभाराच्या हजारो वड्या मिळाल्या असून मेंढी, लोकर, मजुरी यांचा बारीकसारीक हिशेब त्यांत आहे. तरीही पश्चिमेकडून येणाऱ्या अमोराइट टोळ्या, धान्यटंचाई आणि फुटीर अधिकारी यांनी राज्य पोखरले. इ. स. पूर्व २००४ च्या सुमारास एलामच्या सैन्याने उर लुटले आणि राजा इब्बी-सिन याला बंदी करून नेले. सततच्या सिंचनाने जमिनीत क्षार साठले व गव्हाची जागा क्षार सोसणाऱ्या जवाने घेतली, असा सिद्धांत १९५८ मध्ये मांडला गेला. त्यावरही वाद आहे. सुमेरियन बोलणारे उरले नाहीत, पण आपल्याकडील संस्कृतप्रमाणे ती भाषा पुढे अनेक शतके पाठशाळांत व देवळांत जिवंत राहिली.

विस्मृती आणि लूट

नंतर मात्र सुमेरचे नावही जग विसरले. १८६९ मध्ये युलियस ओपर्ट याने या लोकांना ‘सुमेरियन’ हे नाव सुचवले. १८७७ पासून तेल्लो येथील उत्खननाने त्यांचे अस्तित्व सिद्ध केले. आणि १९२२ ते १९३४ या काळात लिओनार्ड वुली याने उरची थडगी उजेडात आणली. एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या संग्रहालयातून सुमारे पंधरा हजार वस्तू लुटल्या गेल्या. उरुकचा प्रसिद्ध संगमरवरी स्त्रीमुखवटा आणि कोरीव कलश त्याच वर्षी परत मिळाले. अनेक वस्तू आजही बेपत्ता आहेत. त्याहून मोठी हानी उम्मासारख्या स्थळांची झाली. तेथे लुटारूंनी जमिनीची चाळण केली. चोरलेली वड़ी कधीतरी परत मिळू शकते; परंतु ती कोणत्या थरात, कोणत्या घरात आणि कोणत्या वस्तूंशेजारी होती, ही माहिती एकदा पुसली की पुन्हा मिळत नाही. उर, उरुक आणि एरिडू यांचा २०१६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सुमेरच्या भूमीत अजूनही असंख्य वड्या न वाचलेल्या आहेत. त्यांपैकी किती अभ्यासकाच्या हाती आणि किती चोरबाजारात जातील, यावर मानवाच्या पहिल्या नगरांविषयीचे आपले पुढील ज्ञान अवलंबून आहे.