शुद्धिपत्राचे मोल

शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. या खुनाचा विषय निघाला की ‘ध चा मा’ हे शब्द मराठी माणसाच्या ओठी आपोआप येतात. हुकूम ‘धरावे’ असा होता, त्याचे ‘मारावे’ झाले, अशी ती आख्यायिका. या बदलाचे खापर आनंदीबाईंच्या माथी फोडले जाते. पण तो त्यांच्याच हातून झाला, याला निर्णायक पुरावा नाही. तरीही लोकांनी ही कथा जतन केली. तिच्यात एक व्यवहाराचे सत्य आहे. हुकूम पाळणारा माणूस लिहिणाऱ्याच्या मनातले पाळीत नाही, कागदावरचे पाळतो.

हेच सत्य संगणकाच्या युगात नव्या रूपाने पुढे आले. संगणकाची आज्ञावली तयार झाली म्हणजे ती तपासून घ्यावी लागते. तिला कोणती माहिती पुरवावयाची, कोणते उत्तर यावयास हवे, हे आधी लिहून ठेवतात. हे चाचणीचे कागद म्हणजे सोनाराची कसोटीच होय. कसोटीच सदोष असेल तर पितळही सोने म्हणून खपून जाते.

एक साधे उदाहरण घ्यावे. अर्जदाराचे वय १८ वर्षे पूर्ण असावे, असा नियम आहे. चाचणीच्या कागदावर मात्र ‘वय १८ पेक्षा अधिक’ असे लिहिले गेले. तपासनीस १९ हा आकडा घालतो, अर्ज स्वीकारला जातो. १७ घालतो, अर्ज नाकारला जातो. दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात आणि आज्ञावली उत्तीर्ण होते. नेमका १८ हा आकडा घालून पाहण्याची वेळच येत नाही. पुढे ज्याला नुकतेच अठरावे वर्ष पूर्ण झाले आहे, अशा हक्काच्या अर्जदाराला यंत्र परत पाठविते. दोष शोधू गेल्यास तो दोनच शब्दांत सापडतो.

मराठीला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. मोडी लिपीत शब्द सुटे लिहिण्याची रीत नव्हती, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. वाचणारा जाणता असे, म्हणून दप्तराचे काम चाले. परंतु छापखाना आला आणि लिहिणारा व वाचणारा यांची ताटातूट झाली. शंका आली तर विचारावयाचे कोणाला? मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात साहाय्य करणारे मेजर थॉमस कँडी यांनी पुढे मराठी पाठ्यपुस्तकांची भाषा तपासण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालविली. मराठीत विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेय मुख्यत्वे त्यांना दिले जाते. त्यांच्या इंग्रजी वळणाच्या मराठीवर पुढे टीका झाली, ती काही अंशी रास्तही होती. पण छापील वाक्याला एकच अर्थ असावा, हा त्यांचा आग्रह व्यर्थ नव्हता.

त्याच सुमारास इंग्लंडात आकड्यांच्या कोष्टकांनी विद्वानांना हैराण केले होते. चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्राविषयी डायोनिसियस लार्डनर यांनी १८३४ मध्ये ‘एडिंबरो रिव्ह्यू’त लेख लिहिला. चाळीस कोष्टकग्रंथांत मिळून सुमारे ३,७०० चुका कबूल केल्या गेल्याचे त्यांनी नमूद केले. त्याहून मासलेवाईक हकीकत टेलरच्या लॉगॅरिथम-कोष्टकांची. त्यांतील चुकांचे शुद्धिपत्र नाविक पंचांगात छापले गेले. त्या शुद्धिपत्रातच चूक निघाली. ती सुधारण्यासाठी छापलेल्या मजकुरातही पुन्हा नवी चूक शिरली! दुरुस्ती केली म्हणजे काम संपले, असे नाही. दुरुस्तीचीही तपासणी झाली पाहिजे, हा धडा आज्ञावल्या तपासणाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी पुन्हा स्वानुभवाने गिरविला.

या धड्याची जबर किंमत १९६२ मध्ये मोजावी लागली. २२ जुलै रोजी अमेरिकेचे ‘मरिनर १’ हे यान शुक्राकडे निघाले आणि मार्ग सोडून भरकटू लागले. उड्डाणानंतर अवघ्या २९३ सेकंदांनी ते मुद्दाम नष्ट करावे लागले. अग्निबाणावरील एका उपकरणात बिघाड झाला होता हे खरे. पण मार्गदर्शनाच्या संगणकाला दिलेल्या आज्ञांत एक लहानशी रेघ गळली नसती, तर तो बिघाड निभावून गेला असता. कोणी या चिन्हाला संयोगचिन्ह म्हणतात, कोणी अक्षरावरची आडवी रेघ. ‘मरिनर २’ त्याच वर्षी २७ ऑगस्टला निघाले आणि १४ डिसेंबरला शुक्राजवळून सुखरूप गेले.

आज्ञावल्यांचा पसारा वाढला तशी चाचणीच्या कागदांनाही शिस्त लागली. १९८३ मध्ये अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे ‘आयईईई’ने, ८२९ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. योजनेपासून अंतिम अहवालापर्यंत आठ प्रकारचे कागद त्यात सांगितले होते. या शिस्तीची गरज उघड आहे. पुण्यात लिहिलेली कृती चेन्नईच्या उत्तरेस गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत वाचली जाईल, तेव्हा वाचणाऱ्याची मातृभाषा तमिळ, तेलुगू किंवा हिंदी असेल. लिहिणाऱ्याचा हेतू त्याच्यापर्यंत पोचविणारे दुसरे साधन नाही. ‘किमान’च्या जागी ‘कमाल’ पडले, तर तो ‘कमाल’ मानूनच चालणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

दुरुस्तीला वेळेचेही बंधन असते. एक संकेतस्थळ सोडून माणूस दुसरीकडे गेला, की तो कोठून आला हे कळविणारा एक शब्द इंटरनेटच्या नियमावलीत आहे: ‘रेफरर’. मूळ इंग्रजी शब्दात ‘आर’ हे अक्षर चार वेळा येते. १९९६ च्या नियमपत्रात ते तीनच वेळा छापले गेले. चूक ध्यानात आली, तोवर असंख्य आज्ञावल्या त्याच चुकीच्या शब्दावर विसंबून चालू लागल्या होत्या. तो शब्द सुधारला असता, तर त्या सर्व बिघडल्या असत्या. म्हणून ती चूक आजही प्रमाण मानली जाते. आरंभी लेखणीच्या एका फटकाऱ्याने जे साधले असते, ते पुढे साऱ्या जगाला मिळूनही साधेना.

शब्दांची अशी दुरुस्ती करणाऱ्याचे नाव सहसा कोठे नोंदले जात नाही. ‘एवढ्याशा गोष्टीची काय ती कुरकुर?’ असे त्याला ऐकावे मात्र लागते. त्याने वेळीच टिपलेली चूक कोणाला दिसत नाही. टळलेल्या अनर्थाचा इतिहास लिहिला जात नसतो. पण ज्या अर्जदाराचे काम पहिल्याच खेपेस झाले, ज्या यंत्राचा झडपपट्टा योग्य जागी थांबला, त्यांच्या मागे अशा कोणाची तरी लेखणी उभी असते.